यंदा किरकिऱ्या नाही

पाणीखात्याच्या आवारामागे एक जुनं तळं होतं. एके काळी तिथून विटांसाठी माती काढत. भट्टी बंद पडली, खड्ड्यात पाणी साठलं आणि पाण्यात माणसाच्या दीडपट उंच पाणकणसं माजली. येणाऱ्याजाणाऱ्याला तिथे डासांखेरीज काही दिसत नसे. शंकासुराला मात्र तिथे अख्खं वर्ष दिसे.

शंकासुर म्हणजे घड्याळजी. हे नाव त्याला बाजारपेठेनं ठेवलं होतं. दुरुस्त केलेलं घड्याळ तो गिऱ्हाइकाला लगेच म्हणून देत नसे. "चालतंय की!" गिऱ्हाईक म्हणे. "चालतंय," हा म्हणे, "पण चालत राहील का?" आणि घड्याळ पुन्हा खिळ्याला टांगून त्याला कान लावून बसे. बायको सगळ्यांना सांगायची, "लग्नाला हो म्हणायला यांनी एवढा वेळ लावला, की तोवर माझी धाकटी बहीण उजवून झाली."

भिंगातून बारीक चाकं बघता बघता त्याचे डोळे अधू झाले. दुकान जावयाकडे गेलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात. "डोळे दुकानानं खाल्ले," शंकासुर म्हणे, "कान तेवढे ठेवलेत." बढाई मारायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे लोकांना ते खरंच वाटे. त्यालाही वाटे. म्हणून पाखरांचा नाद लागला तेव्हा तो पाखरं बघण्यापेक्षा ऐकायलाच शिकला.

हिवाळ्यात तळ्यावर बाहेरगावची बदकं उतरत. धुक्यात हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत, पण बांधावर बसून तो नुसत्या आवाजावरून कोण कोण आलंय ते सांगे. थंडी सरली की ती उठून जात. मग काळे, पांढऱ्या कपाळाचे चांदवे पाण्यावर आपसांत भांडायला लागत, पाणकोंबड्या काड्या ओढायला लागत, आणि एखाद्या पहाटे पाणकणसांच्या पोटातून किरकिऱ्या वाजायला लागे.

किरकिऱ्याचं पुस्तकातलं नाव लांबलचक होतं, ते कुणी घेत नसे. मातकट रंगाचा, मुठीत मावेल एवढा जीव. दिसायचा जवळजवळ नाहीच. शिवणयंत्राचं चाक दोऱ्यावाचून फिरवत राहावं तसा त्याचा आवाज, बारीक, कोरडा, न थांबणारा. नवख्याला वाटावं, रातकिडाच. फरक एवढाच की रातकिडा एकसारखा वाजतो. किरकिऱ्या गाता गाता मान वळवतो, त्यामुळे आवाज जवळ येतो, लांब जातो. उन्हाळाभर तो आत पिल्लं वाढवी आणि एक दिवस कुणाला न सांगता निघून जाई. मग तारांवर भिंगऱ्यांचे थवे जमत, पाणकणसं फुटून त्यांचा कापूस उडे, आणि पुन्हा धुकं.

गेली काही वर्षं मात्र हे सगळं ओसरत चाललं होतं. आधी खंड्या मुका झाला. दिसायचा, पाण्यावर निळी रेघ ओढून जायचा, पण शीळ नाही. मग काठावर शेपटी हलवत फिरणारे धोबी मुके झाले. घराच्या खिडकीपुढच्या झाडावर पहाटे बारक्या पाखरांचा गलका असे, तोही गेला. किरकिरे पूर्वी तळ्याच्या चारी अंगांना वाजत. ते दोन कोपऱ्यांत उरले, मग एकाच. "पाखरं संपत चालली हो," तो भेटेल त्याला सांगे, आणि लोक मान हलवून म्हणत, दिवसच तसे आलेत.

पाणीखात्याला हे तळं खोल करून साठवणीला घ्यायचं होतं. शहर वाढलेलं, नळांना पाणी पुरेना. पण जुन्या साहेबानं एक शब्द देऊन ठेवला होता: किरकिऱ्या इथे वीण घालतोय तोवर पाणकणसांना हात लावायचा नाही. आणि तो आहे की नाही, ते घड्याळजीनं सांगायचं. जुना साहेब गेला, नवा आला. त्यानंही तो शब्द पाळला. दर वर्षी थंडी सरली की त्याचा फोन येई. "काका, आहे ना आपला पाहुणा?" आणि शंकासुर आणखी दोन-तीन पहाटा खात्री करून मग सांगे, "आहे."

या वर्षी तो रोज पहाटे बांधावर गेला. चांदवे ओरडत होते, बेडूक डरकत होते, वाऱ्यानं पाती एकमेकांवर घासत होती. किरकिऱ्या नव्हता.

नर्सबाई मात्र म्हणाली, आहे.

ही शेजारच्या इमारतीत राहायची. रात्रपाळी संपली की कुत्र्याला घेऊन बांधावर यायची. दोन वर्षांपूर्वी तिनं त्याला विचारलं होतं, "काका, रोज इथे काय हरवलंय तुमचं?" आणि तेव्हापासून ती त्याची शिष्य झाली होती. गणवेशावर स्वेटर, डोळ्यांत झोप, पण कान टवकारलेले. त्या दिवशी ती जवळजवळ धावतच आली.

"काका, वाजतोय! पलीकडच्या कोपऱ्यात. चला लवकर."

तो गेला. दोघं पाणकणसांपासून हातभर अंतरावर उभी राहिली. तिनं कुत्र्याचं तोंड धरून ठेवलं.

"हा बघा," ती कुजबुजली. "आत्ता. आत्तासुद्धा."

शंकासुरानं डोळे मिटले. तिची कुजबूज त्याला स्वच्छ ऐकू आली. कुत्र्याचा श्वास ऐकू आला, लांब रस्त्यावरच्या गाडीचा गिअर बदललेला कळला. पाणकणसांतून मात्र काही नाही. पाती, वारा, आणि काही नाही.

त्याला तिची कीव आली. नव्या माणसाचं असं होतं. हवं ते ऐकू येतं.

"रातकिडा असणार," तो हळूच म्हणाला.

"पण आवाज कमीजास्त होतोय की! तुम्हीच सांगितलं होतंत, मान वळवतो म्हणून..."

"वारा आहे ना. वाऱ्यानं रातकिड्याचा आवाजही हलतो. मन घालतं त्यात भर. माझंही व्हायचं असं पूर्वी." मग तिचा चेहरा उतरलेला बघून म्हणाला, "यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याची शंभर टक्के खात्री नाही ते ऐकलंच नाही असं धरायचं. निम्मा अभ्यास तिथेच होतो."

"तुम्ही म्हणताय म्हणजे रातकिडाच," ती म्हणाली आणि कुत्र्याचं तोंड सोडलं. नंतरच्या दिवसांत ती आली की हसून म्हणे, "काका, आज तुमचे रातकिडे जोरात आहेत हं." तो कौतुकानं मान डोलवी. पोरगी शिकली.

साहेबाचा फोन आला तेव्हा शंकासुरानं पाणी प्यायलं, खुर्चीवर बसला आणि मग सांगितलं, "यंदा मला एकही ऐकू आला नाही."

पलीकडून साहेब म्हणाला, "काका, मला तुमच्याशी खोटं बोलवत नाही. वरून फार दट्ट्या आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी लगेच मशीन लावीन. लोकांना पाणी पाहिजे. म्हणून पुन्हा विचारतो. नक्की?"

आयुष्यात पहिल्यांदाच शंकासुरानं एका प्रश्नाला एका दमात उत्तर दिलं. "नक्की."

फोन ठेवल्यावर त्याला वाईट वाटलं, पण मनात कुठेतरी समाधानही होतं. आहे म्हणणं सोपं होतं. त्यानं लबाडी केली नाही.

पोकलेन आला आणि तळ्याच्या काठी उभा राहिला. त्याच आठवड्यात बायको तापानं पडली. काम सुरू व्हायचं त्या दिवशी सकाळी शंकासुर बांधावर न जाता तिच्या उशाशी बसला होता. जावयानं नवा थर्मामीटर आणून दिला होता, काचेचा नव्हे, आकड्यांचा. तिच्या काखेत ठेवून तो वाट बघत बसला.

"अहो, काढा की," ती म्हणाली.

"वाजू दे."

"कधीच वाजला."

"वाजला?"

"दोनदा वाजला. आता काय बँड लावायचा?"

त्यानं थर्मामीटर हातात घेतला. आकडा स्थिर होता. मग त्यानं तो स्वतःच्या काखेत धरला आणि मान वाकवून आकड्यांकडे बघत बसला. आकडे चढले, चढले, थांबले.

"वाजला," अंथरुणातून बायको म्हणाली.

त्यानं पुन्हा लावला. या वेळी कान त्याच्या जवळ नेला.

"वाजला हो! ताप मला आलाय, डोकं तुमचं फिरलंय का?"

शंकासुरानं थर्मामीटर खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याला उत्तर नको होतं, "अगं, त्या झाडावर हल्ली पहाटे पाखरं ओरडतात का?"

"ओरडतात म्हणजे! डोकं उठवतात मेली. आज ताप डोक्यात, त्यात ती. खिडकी लावा म्हणून तुम्हाला दोनदा सांगितलं, तुम्ही आपले ढिम्म."

कितीतरी वर्षं तो त्या झाडाला मेलेलं समजत होता.

तो उठला. एक चप्पल त्याची, एक जावयाची, तशीच पायात सरकवली. "कुठे निघालात?" बायकोनं विचारलं. "काढा कोण देणार मला?"

"येतो," तो म्हणाला.

नर्सबाई नुकतीच कामावरून आली होती. दार उघडलं तेव्हा तिच्या हातात दात घासायचा ब्रश होता.

"बाई, त्या दिवशी तुम्ही ऐकलात तो किरकिऱ्याच होता," शंकासुर दारातूनच म्हणाला. "माझे कान गेलेत. बारीक आवाज मला येतच नाहीत. आत्ता कळलं. चला, साहेबाला सांगा तुम्ही ऐकलात म्हणून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "पण काका, मी रातकिडा ऐकला. तुम्हीच तर—"

"मी चुकलो."

"मग नंतरचे? रोज वाजायचे ते?"

"तेही."

तिनं ब्रश बेसिनच्या काठावर ठेवला. "मी येते," ती म्हणाली. "पण मला आता आठवायला लागलं की दोन्ही एकच वाटतं. आवाज हलत होता का? मला वाटतं, हलत होता. पण मग तुम्ही वारा म्हणालात, आणि मला वारासुद्धा आठवतोय."

ती दोघं पोचली तेव्हा पोकलेननं एक कड खाल्ली होती. मुळांसकट उपटलेली पाणकणसं चिखलात आडवी पडली होती आणि त्यांच्यावरून यंत्राचे पट्टे फिरत होते. साहेब छत्री घेऊन काठावर उभा होता. तरुण होता, अंगानं बारीक, आणि हे काम त्यालाही आवडत नसावं. तो मशीनकडे पाठ करूनच उभा होता.

शंकासुरानं सगळं सांगितलं. घाईत सांगताना थर्मामीटर आधी आला आणि किरकिऱ्या शेवटी.

साहेबानं नर्सबाईला विचारलं, "बाई, तुम्ही ऐकलाय?"

"काहीतरी ऐकलंय," ती म्हणाली.

"किरकिऱ्या?"

तिनं शंकासुराकडे पाहिलं. "असेल."

"असेल नको हो. खात्री आहे?"

नर्सबाईचा चेहरा रडवेला झाला. "नाही," ती म्हणाली. "खात्री नाही."

साहेबानं सुस्कारा सोडला. "काका, मी काय लिहू वर? कान गेलेल्या माणसाला ऐकू आला नाही, म्हणून पाखरू आहे?"

पोकलेननं पुन्हा हात उचलला. तेव्हा शंकासुर म्हणाला, "मी ऐकला."

"काय?"

"आज. आत्ता येताना. त्या मधल्या भागात. एवढं जवळून मला येतं ऐकू." त्यानं पाणकणसांकडे बोट केलं. "आत्ताही वाजतोय."

नर्सबाईनं झटकन त्याच्याकडे पाहिलं.

साहेबानं हात वर केला. पोकलेनवाल्यानं यंत्र बंद केलं. धडधड थांबली आणि तळ्यावर एकदम केवढी तरी जागा झाल्यासारखं वाटलं. साहेबानं छत्री मिटली. तिघंही ऐकत उभी राहिली. पोकलेनवालाही दारातून मान बाहेर काढून ऐकत होता.

शंकासुर साहेबाच्या तोंडाकडे बघत होता. तिथे काही हललं तर त्याला कळणार होतं. साहेबाच्या भुवया किंचित वर गेल्या, आणि शंकासुर घाईनं म्हणाला, "हा! हा बघा, वाजतोय."

साहेब थोडा वेळ आणखी थांबला. मग नर्सबाईला विचारलं, "तुम्हाला येतंय काही ऐकू?"

ती खाली बघत होती. तिला हो म्हणता आलं असतं. पण दोन वर्षं ती शंकासुराच्याच हाताखाली तयार झाली होती. तिनं मान हलवली. नाही.

"मलाही नाही, काका," साहेब अगदी हळू म्हणाला. "सगळं चिडीचूप आहे." एवढ्या धडधडीनंतर, भर उन्हात कुठलंच पाखरू गाणार नाही, हे शंकासुराला माहीत होतं; पण आत्ताच 'वाजतोय' म्हणालेल्या त्याच्या तोंडून आता ते निघणार नव्हतं, आणि निघालं असतं तरी कोण मानणार होतं? साहेब म्हणाला, "घरी जा तुम्ही. ऊन होतंय. काकूंना ताप आहे म्हणालात ना?"

नर्सबाई गेली. जाताना काहीतरी बोलली, पण यंत्र सुरू झालं होतं.

शंकासुर घरी गेला नाही. काठावर उलट्या पडलेल्या एका बादलीवर बसून राहिला. पोकलेन पाणकणसं मुठीनं धरून उपटत होता, वळत होता, टाकत होता. पाणकोंबड्या पळाल्या. चांदवे पाण्याच्या मध्यावर गेले आणि तिथून शिव्या घालू लागले. त्या त्याला ऐकू आल्या. मग बारकी, मातकट रंगाची पाखरं उठली. एक इथून, एक तिथून. लांब उडेनात, यंत्राच्या हाताभोवती फिरून पुन्हा तिथेच बसायला बघत आणि बसायला पातं नाही म्हणून पुन्हा उठत. त्याच्या अधू डोळ्यांनाही ती दिसली. या तळ्यावर आयुष्य काढून त्याला दोनदा की तीनदा दिसलं होतं ते पाखरू, आणि आता जिकडे तिकडे तेच. सगळ्यांच्या चोची उघड्या होत्या.

तो उठला आणि चिखलात उतरला. पोकलेनवाल्यानं शिवी हासडून यंत्र बंद केलं. "ओ आजोबा, मरायचंय का?" शंकासुर गुडघ्यांवर बसून उपटलेल्या पाणकणसांत हात घालत होता. एक, दोन, कितीतरी पेंढ्या त्यानं बाजूला केल्या. मग दोन्ही हातांच्या ओंजळीत काहीतरी धरून उभा राहिला.

साहेब बूट चिखलात घालून त्याच्यापर्यंत आला. ओंजळीत गवताची वाटी होती. वाटीत पिल्लं होती, अजून पिसं न फुटलेली, अंगापेक्षा मोठी तोंडं करून वर बघणारी.

"हाच?" साहेबानं विचारलं.

"हाच."

शंकासुरानं ओंजळ कानाला लावली. तोंडं उघडत होती, मिटत होती. जिवाच्या आकांतानं थरथरणारी ती वाटी त्याच्या गालाला लागली, पण आत काही नव्हतं. कापसानं भरलेल्या खोलीत कान घालावा तसं.

"केवढी ओरडतायत हो," साहेब म्हणाला आणि तोंड फिरवून पोकलेनवाल्याला ओरडला, "बंद! बंद कर काम. सगळं बंद."

बंद करण्यासारखं फार उरलं नव्हतं. पलीकडच्या कोपऱ्यात एखाद्या खोलीएवढी पाणकणसं उभी होती. साहेबानं स्वतः त्यांत शिरून ती वाटी दोन काड्यांच्या बेचक्यात सुतळीनं बांधली. "येतील ना आईबाप?" त्यानं विचारलं. शंकासुराला माहीत होतं, अशी हलवलेली घरटी बहुधा टाकून देतात. पण 'बहुधा' एवढंच माहीत होतं. "येतीलही," तो म्हणाला. साहेब फोन करायला म्हणून गेला तो परत आला नाही. पोकलेनवाला डबा खाऊन निघून गेला.

दिवस कलेपर्यंत शंकासुर त्या कोपऱ्यासमोर बसला होता. इतक्या अंतरावरून त्याला वाटी दिसत नव्हती. जवळ गेलं तर आईबाप येणार नाहीत, म्हणून जाता येत नव्हतं. आवाजावरून सगळं कळलं असतं. भूक लागली की पिल्लं ओरडतात, चारा आला की आणखी ओरडतात, आणि कुणीच आलं नाही तर हळूहळू थांबतात. तिथून दहा पावलांवर बसून त्याला यातलं काहीच कळत नव्हतं.

बांधावरून बायको येताना दिसली. अंगावर शाल, हातात छत्रीची काठी, चार पावलं टाकून थांबत होती. आजवर ती कधी इथे आली नव्हती. तळ्याचं काय झालंय हे बघायला ती थांबली नाही. आधी तिनं त्याच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं.

"एका पायात जावयाची चप्पल," ती म्हणाली. "तो बिचारा तिकडे अनवाणी फिरतोय. शोधून शोधून थकले मी. काय चाललंय तुमचं?"

"ताप?"

"आहे थोडा. चला घरी."

"एक काम कर," शंकासुर म्हणाला. "बस इथे. त्या कोपऱ्याकडे कान लाव. बारीक किरकिर येते का बघ. बारक्या पिल्लांची. तुला येईल."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्या उरलेल्या पाणकणसांकडे. काठी टेकून त्याच्या शेजारी बसली, शाल कानावरून मागे सारली आणि ऐकू लागली. वारा पडला होता. चांदवेही गप्प झाले होते. पाणी गढूळ, सपाट. शंकासुर तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. सकाळी एकदा साहेबाकडे तसं बघून झालं होतं. तो समोर बघत होता.

ती खूप वेळ ऐकत राहिली. एकदा वळून दुसरा कान तिकडे केला.

मग तिनं शाल पुन्हा डोक्यावर ओढली, काठी घेतली आणि दुसरा हात त्याच्या दंडाखाली घातला.

"चला," ती म्हणाली. "उठा आता."